पट्टा कसून गडचिरोलीला

गडचिरोलीहून परत आल्यापासून साताऱ्यात भेटणारा प्रत्येक माणूस मला दोनच प्रश्न विचारतो. वाघ दिसला का, आणि नक्षलवादी दिसले का. दोन्हींचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते ऐकून समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मी त्याच्या पैशांनी फिरून आलोय. मग तो जरा नाराजीनंच विचारतो, "मग पाहिलं काय आठ दिवस?" खरं सांगायचं तर आठांतले चार दिवस मी एक इंच रुंदीचा रबरी पट्टा पाहिला, आणि जेव्हा तो दिसत नव्हता तेव्हा ऐकला. उरलेल्या दिवसांत जे पाहिलं ते सांगायला मात्र या पट्ट्यापासूनच सुरुवात करावी लागते.

ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांच्यासाठी थोडं मास्तरकीचं बोलतो. तीस वर्षं पॉलिटेक्निकात यंत्ररचना शिकवली आहे, तेव्हा एवढा हक्क आहे. इंजिनाच्या एका बाजूला पत्र्याच्या झाकणाखाली एक दातेरी पट्टा असतो. खालचा दांडा फिरला की त्याच चालीनं वरचा दांडा फिरवायचा आणि इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळच्या वेळी उघडायचे-मिटायचे, एवढंच त्याचं काम. त्याला टायमिंग बेल्ट म्हणतात. तो तुटला तर गाडी जागच्या जागी बसते, आणि नशीब फुटकं असेल तर व्हॉल्व्हही वाकतात. पट्टा योग्य ताणात राहावा म्हणून एक छोटी पुली आणि तिला ओढणारी एक स्प्रिंग असते. किती ओढायचं ते स्प्रिंगला ठाऊक असतं. मला मात्र स्प्रिंगपेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

साताऱ्यात, निघण्याआधी

मालूताई ही माझ्या बायकोची, मंदाची, थोरली बहीण. चोविसाव्या वर्षी नर्स म्हणून तिकडे गेली, तेव्हा गडचिरोली हा जिल्हाही नव्हता, सगळा चांदाच होता. लग्न केलं नाही, बदली मागितली नाही, निवृत्त झाली आणि गडचिरोलीतच राहिली. आम्ही तिच्याकडे जायचं तीन वेळा ठरवलं आणि तिन्ही वेळा माझ्या काही ना काही कामामुळे रद्द केलं. चौथ्या वेळी तिचं कार्ड आलं. तिच्या अक्षरासारखंच ते सरळ होतं: "येरमेटोल्याच्या रैनाबाईनं खाट धरली आहे असं कंडक्टरकडून कळलं. तिला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. बसनं आणि पुढं चालत जाणं माझ्या गुडघ्यांना जमत नाही. गाडी घेऊन आलात तर मी जाईन. उशीर झाला तर मग येऊ नका."

शेवटचं वाक्य वाचून मंदानं कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "गुरुवारी निघायचं. गाडी गॅरेजला दाखवून आणा. तुम्ही हात लावू नका."

हात लावू नका म्हणण्याला इतिहास होता. आमच्या घरातले नळ मी बंद केले की दुसऱ्या कुणाला उघडत नाहीत आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे वायसर जातात. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी लावलं की जेवताना मला हाक मारावी लागते. सैल राहिलेली कुठलीही वस्तू मला बघवत नाही. मंदा याला रोग म्हणते, मी काळजी म्हणतो.

गॅरेजवाला त्या आठवड्यात लग्नाला गेला होता. रविवारी मंदा भिशीला गेली आणि मी नवा पट्टा आणून स्वतः बसवला. खुणा जुळवल्या, स्प्रिंगनं पुली ओढून धरली, सगळं पुस्तकात दिल्याप्रमाणे झालं. पण हजार किलोमीटरचा प्रवास, रस्ते तसले, आणि वाट बघणारी एक खाट धरलेली म्हातारी. म्हटलं, ढिला पडायला नको. मोठा स्क्रू ड्रायव्हर पुलीमागे घातला, आणखी थोडं रेटलं आणि बोल्ट आवळला. संध्याकाळी मंदानं विचारलं, "दाखवली?" मी म्हणालो, "दाखवली."

कोरपना

पहिल्या दोन दिवसांचं सांगण्यासारखं काही नाही. गाडीतून एक बारीक, वर चढत जाणारा "ऊंऽऽ" असा आवाज यायला लागला होता, तो सोडून. गाडी जोरात गेली की तो चढे, हळू झाली की उतरे. मंदानं वणीच्या पुढं विचारलं, "हा कसला आवाज?"

"किडे," मी म्हणालो. "जंगलातले. सिकाडा म्हणतात त्यांना."

दोन्ही बाजूंना नजर पोचेल तिथवर कापूस होता. वेचायला आलेल्या बायका कमरेला ओटे बांधून वाकलेल्या होत्या आणि वाकल्या वाकल्या आमच्या गाडीकडे वळून बघत होत्या. मंदानं कापसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "डिसेंबरात?" एवढंच ती म्हणाली.

कोरपन्याजवळच्या एका सिमेंट कारखान्याच्या वसाहतीत माझा जुना विद्यार्थी सुधाकर राहतो. तिथं मुक्काम केला. झाडांच्या पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, सायकलींच्या सीटवर राखाडी धूळ असते आणि तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. आमच्याकडे पाहुण्यांना पाणी देण्याआधी भांडं पाण्यानं विसळतात, इथं आधी फडक्यानं पुसतात आणि मग विसळतात.

सुधाकर कारखान्यात देखभाल विभागात आहे. दिवसभर तो यंत्रांचे आवाज ऐकतो. मी गाडी आत घेतली तसा तो फाटकातच थांबला आणि मान तिरकी करून ऐकू लागला.

"सर, गाडीचा आवाज..."

"काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला. तिसऱ्या वर्षाला मी त्याला एका आकृतीसाठी पाच वेळा परत पाठवलं होतं, ते त्याला आठवत असावं.

"काही नाही, सर. या ना, चहा घ्या."

जन्मभर विद्यार्थ्यांना धाकात ठेवल्याचं फळ असं मिळतं. ज्या माणसाला अचूक उत्तर येत होतं, त्यानं मला चहाबरोबर चिवडा दिला.

सावलीच्या अलीकडे

चंद्रपूर मागे पडलं आणि जमिनीचा रंगच बदलला. कापूस संपला, धान सुरू झालं. इकडे भाताच्या पिकाला धानच म्हणतात. कापणी झालेल्या बांध्या, म्हणजे आपली खाचरं, मधे मधे तळी, तळ्याच्या पाळीवर जाळी वाळत घातलेली. मूल गाव गेलं आणि गाडीच्या आवाजाला एक नवी खरखर आली. आता किड्यांच्या नावावर ते खपवणं मलाच कठीण झालं. सावली पाच-सात किलोमीटरवर असताना बॉनेटमधून तापलेल्या वंगणाचा वास आला, आणि मी रस्त्याकडेच्या एका धानगिरणीसमोर गाडी थांबवली.

गिरणी बंद होती. दारात पोत्यावर बसलेला एक पन्नाशीचा माणूस विडी विझवून उठला. अंगभर कोंडा, भुवयांवरसुद्धा. आम्ही काही बोलायच्या आतच तो म्हणाला,

"काऊन जी भाऊ, गाडी रडून राह्यली तुमची. मी तं पार त्या पुलापासून आयकून राह्यलो. लाइन गेली मून आयकू आलं, नाई तं मिल सुरू असली का कानाजोळ फटाका फोडला तरी आयकू येत नाई."

हे वामनभाऊ, गिरणीचे मिस्त्री. वीज गेली होती म्हणून रिकामे होते. मी जवळपास गॅरेज आहे का विचारलं. मूलला आहे, ते म्हणाले, पण या आवाजात मूलपर्यंत परत जाणं बरं नाही.

"गाडीचं इंजन मी कधी खोल्लो नाई, खोटं कायले बोलू. पन पट्टा मंजे पट्टा. दिवसभर तेच करतो. मोठी मोटर, तिचा पट्टा, चक्की, तिचा पट्टा. चालू करा बरं जरासाक."

मी चालू केली. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि दोन क्षणांत उघडले.

"बंद करा. लय कसला हाय. कोन कसला एवढा?"

मंदा माझ्या शेजारी उभी होती.

"गॅरेजवाल्यानं," मी म्हणालो.

"मंग त्याले सांगा, हात हलका ठेव म्हना बापा. थो बेरिंग खाऊन राह्यला."

"सांगू हं," मंदा म्हणाली. "घरी गेल्यावर सांगू आपण त्याला."

इंजिन थंड होईपर्यंत काही करता येत नव्हतं. गिरणीमागेच वामनभाऊंचं घर. त्यांच्या पत्नी, वनिताबाई, यांनी आम्हाला विचारलं नाही, सरळ पाटच मांडले. भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर, तिच्याखाली मुलीचं बारावीचं प्रमाणपत्र काचेत. ताटात भात आला. साताऱ्यात भात म्हणजे जेवणाचा आरंभ आणि शेवट, मधे भाकरी. इथं भात हाच आरंभ, मध्य आणि शेवट, आणि ताटात तो असा रचतात की पलीकडे बसलेल्या माणसाचा चेहरा अर्धाच दिसतो. वर लाखोळीची डाळ आणि कडेला बोडीतल्या झिंग्यांची चटणी. बोडी म्हणजे छोटं तळं. मी थोडा भात कमी करा म्हणालो, तर वनिताबाई काळजीनं म्हणाल्या, "काऊन, तब्येत बरी नाई का भाऊची?" मंदानं दुसऱ्यांदा चटणी मागून घेतली आणि सदतीस वर्षं बहिणीला मासे खाण्यावरून नावं ठेवणाऱ्या माहेरची लाज घालवली.

जेवताना तिनं रैनाबाईचं सांगितलं. वामनभाऊ ऐकत होते. पुढं दोन तास त्यांनी जी घाई केली नाही आणि वेळही घालवला नाही, त्याचं कारण ते असावं.

झाकण उघडल्यावर कामाची आपोआप वाटणी झाली. पट्ट्याच्या दोन दातेरी चाकांवरच्या खुणा कुठं जुळायला हव्यात आणि एक दातही सरकता कामा नये, हे मला ठाऊक होतं. वामनभाऊंना पट्टा ठाऊक होता. त्यांनी सगळ्यात लांब भागाच्या मधोमध पट्टा अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धरला आणि पिळून पाहिला. तो हलला नाही.

"हे पाहा. पाव फेरा फिराले पायजे. सोपा नाई, अवघड नाई. जोर लावा लागला तं कसला, आपसूक फिरला तं ढिला."

मी तीस वर्षं फळ्यावर याचं सूत्र लिहीत आलो होतो, दोन ओळींचं, ग्रीक अक्षरांसकट. ते खोटं नाही. पण त्यात अंगठा कुठं येत नाही.

पुलीचा बोल्ट सैल केला. पट्ट्यानं सुस्कारा टाकल्यासारखं अंग सोडलं. खुणा हलू नयेत म्हणून मी चाक धरून होतो. स्प्रिंगनं पुली पुन्हा ओढली आणि आपल्या जागी नेऊन ठेवली. माझा हात, अगदी माझ्या नकळत, मोठ्या स्क्रू ड्रायव्हरकडे गेला. वामनभाऊंनी माझं मनगट धरलं. हळूच, लहान मुलाचं धरावं तसं.

"राहू द्या ना, भाऊ. स्प्रिंग कायले देली हाय मंग?"

त्याच क्षणी गिरणीतला दिवा लागला. वीज आली. आतून मालकाची हाक आली आणि बाहेर धानाची पोती घेऊन थांबलेल्या बैलगाड्यांवरचे लोक उठून उभे राहिले. वामनभाऊ हात पुसत म्हणाले, "खालच्या बोल्टाले पाना लावून दोन फेरे फिरवा, मंग पुलीचा बोल्ट आवळा. झालं. तुमाले येते सगळं." आणि ते आत गेले. पाठोपाठ गिरणी सुरू झाली आणि जगातले बाकीचे सगळे आवाज संपले.

मी एकटा उरलो. म्हणजे मी, पट्टा, स्क्रू ड्रायव्हर आणि चार हातांवर स्टुलावर बसलेली मंदा. खालच्या बोल्टाला पाना लावून दोन फेरे फिरवले. खुणा जुळल्या. चिमटीत धरून पिळलं, पाव फेरा. पुन्हा पिळलं. मला तो ढिला वाटला. तीनशे वेळा मनात म्हटलं, की ढिला आहे, जरासा रेट दिला तर काय बिघडणार आहे, पुढं जंगल आहे. मंदा नुसती माझ्या हाताकडे बघत होती. मी स्क्रू ड्रायव्हर हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि बोल्ट आवळला. ही पराक्रमाची गोष्ट नाही हे मला कळतं. पण तसं करायला मला किती जड गेलं हे माझं मलाच माहीत.

गाडी सुरू केली. गिरणीच्या आवाजात ती सुरू झाली की नाही हेसुद्धा कळेना. वामनभाऊ कोंड्याच्या धुरळ्यातून दारात आले, बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटले आणि मान हलवली. काय द्यायचं विचारलं तर त्यांनी गिरणीच्या आवाजात ऐकू न आल्याचं सोंग केलं. ते सोंग होतं, हे पुलापासून आमची गाडी ऐकणाऱ्या माणसाच्या बाबतीत मी छातीठोकपणे सांगू शकतो.

गडचिरोली

वैनगंगेवरचा पूल ओलांडला की गडचिरोली फार लांब नाही. सरकारी कार्यालयं, पोलिसांचे तंबू, दवाखाना, एसटीचं स्थानक, आणि या सगळ्यांमधून सायकलीवर सरपण नेणारी माणसं. मालूताई फाटकात काठी टेकून उभी होती. अंगानं अर्धी झालेली, आवाजानं तशीच.

"काऊन गं मंदे, किती वाळलीस!"

सदतीस वर्षांत आमच्या साताऱ्याचं "का गं" तिनं कुठंतरी टाकून दिलं होतं. घरात शिरण्याआधी तिनं विचारलं, "गाडी बरी हाय ना, श्रीधरराव? उद्या सकाळीच निघावं लागेल. काल निरोप आला, रैनानं अन्न सोडलंय."

"गाडी उत्तम आहे," मी म्हणालो. गेल्या चार दिवसांतलं ते माझं पहिलं खरं वाक्य होतं.

येरमेटोला

धानोऱ्याच्या रस्त्याला नाक्यावर पोलिसांनी थांबवलं. बंदूक खांद्याला लावलेला एक जवान खिडकीशी वाकला, नावं विचारायला लागला आणि मागच्या सीटवर बघून सावरून उभा राहिला. "बाई, तुमी?" मालूताईनं त्याच्या बायकोचं आणि दोन पोरांचं नाव घेऊन चौकशी केली. फाटक उघडलं. "या जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना मी उलटं धरून पाठीत चापट मारली आहे," ती आम्हाला म्हणाली. "मग ते मला कुठं अडवतील?"

पुढं सागाचं जंगल लागलं. पानगळ सुरू झालेली, रस्ता मुरमाचा. गाडी इतकी शांत चालली होती की टायरखाली वाळकं पान मोडल्याचं ऐकू येत होतं. आणि त्या शांततेत मालूताई बोलायला लागली. पट्टा तसाच कसलेला असता तर तिला हे सगळं ओरडून सांगावं लागलं असतं, आणि अशा गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.

रैनाबाई येरमेटोल्याची सुईण. मालूताई नवीन नर्स म्हणून आली तेव्हा बाळंतपणं दोघी मिळून करायच्या. पहिल्याच वर्षी एका मुलाची नाळ मालूताईनं बांधली. शिकल्याप्रमाणे, बारीक धाग्यानं, आणि नवशिकी म्हणून भीतीपोटी फार आवळून. सुटू नये म्हणून. धागा नाळेत रुतला आणि नाळ कापली गेली. रक्त थांबेना. रैनाबाईनं तिला बाजूला सारलं, चिमटीत नाळ धरून ठेवली आणि आपल्या जाड सुतानं पुन्हा बांधली. मूल वाचलं. आठवड्यानं मोठे डॉक्टर तपासणीला आले आणि कुणी हा उद्योग केला म्हणून विचारू लागले.

"मी काही बोलले नाही," मालूताई म्हणाली. "त्यांनी रैनाकडे बघितलं, मी खाली बघितलं. अडाणी सुईणीनं केलं असं त्यांनी लिहून नेलं. दोन वर्षं तिला कुणाच्या बाळंतपणाला हात लावू दिला नाही. दोन वर्षं. ती रोज माझ्यासाठी पाणी भरून ठेवायची, आणि मी रोज म्हणायची, उद्या सांगते."

मंदानं मागे हात करून बहिणीचा हात धरला. मी आरशात बघितलं नाही. मला स्वतःकडे बघायचं नव्हतं.

येरमेटोला म्हणजे पंधरा-वीस घरं, सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती. आम्ही पोचलो तेव्हा रैनाबाई अंगणात उन्हात खाटेवर होती. एवढीशी, वाळलेल्या शेंगेसारखी, डोळ्यांवर पडदा आलेला. जिवंत होती. मालूताई खाली बसू शकत नव्हती, म्हणून खाटेच्या कडेवर बसली आणि "जोहार" म्हणाली. म्हातारीनं तिचा हात चाचपला, मनगट, मग बोटं, आणि तिचं नाव घेतलं. पुढचं सगळं गोंडीत झालं. मला एक शब्द कळेना. शेजारच्या घरातून सोमा नावाचा सदतिशीचा माणूस आला होता, तो आम्हाला मराठीत सांगू लागला.

"बाई म्हनते, लय जुनी गोष्ट सांगाची हाय... म्हनते, पोराची नाळ... थो धागा मी बांधलो होतो, तू नाई... लय कसून बांधलो..." तो थांबला. मालूताई अजून बोलत होती, रडत रडत. सोमा तिच्याकडे बघत राहिला, मग म्हातारीकडे. मग त्यानं सदरा जरासा वर करून स्वतःच्या बेंबीकडे बघितलं आणि पुन्हा खाली सोडला. "थो पोरगा मी हावो," तो आम्हाला म्हणाला.

मला वाटलं, रैनाबाईला ऐकूच गेलं नाही, किंवा आठवतच नाही. आणि सदतीस वर्षं जिनं हे उरावर वागवलं तिला हे आता कसं सांगायचं? मग म्हातारी बोलायला लागली, थांबत थांबत, आणि सोमा तसंच थांबत सांगू लागला.

"म्हनते, मले का मालूम नाई का. धागा मीच सोडवलो होतो. बारीक होता, दवाखान्याचा. साहेबानं पाह्यला असता तं त्यालेई समजलं असतं, त्यानं पाह्यलाच नाई... म्हनते, तुले काढून देलं असतं तं दुसरी बाई इथी आली नसती. कोनी येत नाई जंगलात. मले कोन बदलीवर धाडते? मी तं इथलीच."

मालूताईनं तोंडावर पदर घेतला. म्हातारी आणखी काहीतरी म्हणाली, जरा रागानं.

"आता काय म्हनते?" मंदानं विचारलं.

सोमा हसला. "म्हनते, एवढा उशीर काऊन लावलीस. दोन वर्सं रोज वाट पाह्यलो."

मालूताईनं गुडघ्यावर हात ठेवून काहीतरी सांगितलं, बहुधा सगळा दोष गुडघ्यांवर ढकलला. म्हातारी हसली, दात नसलेलं, अंग हलवणारं हसू. मग तिनं पेज मागितली. तिच्या सुनेनं आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्ही कुणी देवबाप्पा आहोत. तीन दिवसांनी म्हातारीनं काही मागितलं होतं. मी उठून गाडीपाशी गेलो, बॉनेटवर हात ठेवला आणि उगाच उभा राहिलो, कारण माझेही डोळे भरून आले होते आणि इंजिनाकडे बघणाऱ्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

निघताना सोमानं रानातल्या मधाची एक बाटली दिली. आमच्याकडे पाहुण्याला निघताना हातावर साखर ठेवतात. इथं पाहुणा गाडीत बसल्यावर, काच वर करेपर्यंत, काही ना काही आत येत राहतं. मध, चारोळी, एक भोपळा.

मालूताईला गडचिरोलीला सोडलं. ती फाटकातून काठी न टेकता चार पावलं चालत गेली आणि मग तिला काठीची आठवण झाली.

परतीच्या वाटेवर

पूल ओलांडला आणि मी म्हणालो, "मंदा, तो पट्टा..."

"तुम्हीच कसला होता."

"तुला कसं कळलं?"

"नखांत वंगण घेऊन कोण गॅरेजमधून येतं? भिशीहून आले तेव्हाच बघितलं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगाल म्हणून वाट बघत होते." ती खिडकीबाहेर बघत होती. "रैनाबाईएवढा धीर मात्र माझ्यात नाही. सावलीला तुम्ही तो स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला नसता तर मी तिथून बसनं गेले असते."

सावलीच्या अलीकडे गिरणी सुरू होती. थांबलो. वामनभाऊंनी बॉनेटवर हात ठेवला, समाधान पावले आणि विचारलं, "गॅरेजवाल्याले सांगसाल ना?"

"सांगितलं," मंदा म्हणाली. "त्याला पटलं."

मुक्कामाला पोचण्याआधी मी मधाच्या बाटलीचं झाकण एकदा उघडून चाखलं आणि परत लावलं. नेहमीसारखं लावायला गेलो, आणि वामनभाऊंची चिमटी आठवली. हलक्या हातानं लावलं, जोर न लावता. अशा माणसाला आपल्या सुधारणेचा अभिमान वाटतोच, तो मलाही वाटला.

साताऱ्यात डिकी उघडली तेव्हा अर्धी बाटली मालूताईनं दिलेल्या नव्या चादरीत उतरली होती, आणि उरलेली भोपळ्यावर. मुंग्याही आमच्याबरोबर घरी पोचल्या होत्या. मंदानं चादर दोन बोटांत धरून वर उचलली.

"झाकण कोणी लाव..."

"मी," मी म्हणालो, तिचं वाक्य पुरं होण्याआधी.